चालताना छातीत भार येतो तेव्हा: हृदयधमनीविकाराचा धोका कसा ओळखावा आणि निदान कसे करून घ्यावे

आमच्या वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. अमळनेर तालुक्यात आमची कपाशीची आणि दादर ज्वारीची शेती आहे, आणि गावापासून शेतापर्यंतचा दीड किलोमीटरचा रस्ता अण्णा वर्षानुवर्षे पायीच जात आले आहेत. वयाच्या ५३ व्या वर्षी, ऐन थंडीत, त्या रस्त्यावरच्या चढाजवळ ते थांबू लागले. बांधावर दोन-तीन मिनिटे बसत आणि मग पुढे निघत. विचारले तर एवढेच सांगत, "काही नही, छातीमा भार वाटस, गॅस शे." तीन आठवडे ओवा, हिंग आणि सोडा यांवर निभावले. मग एका दवाखान्यात ईसीजी काढला, तो नॉर्मल आला आणि घरातली काळजी मिटली. पुढच्याच पंधरवड्यात धुळ्याला केलेल्या अँजिओग्राफीत त्यांच्या हृदयाच्या पुढच्या बाजूच्या मुख्य धमनीत ९० टक्के अडथळा निघाला.

त्या पहिल्या दवाखान्यात चूक झाली ती आमची. आम्ही डॉक्टरांना सांगितले ते एवढेच, की यांना गॅस होतो. हा भार चढावरच येतो, बसल्यावर जातो आणि पुन्हा चालू लागल्यावर परततो, हे आमच्यापैकी एकानेही सांगितले नाही, कारण ते सांगण्याजोगे आहे हेच आम्हांला ठाऊक नव्हते. हृदयधमनीविकाराच्या निदानात यंत्रांना मोठे स्थान आहे यात शंका नाही, परंतु कोणते यंत्र केव्हा वापरायचे हे रुग्णाच्या सांगण्यावरून ठरते. १७६८ साली लंडनमध्ये विल्यम हेबर्डन या वैद्याने या दुखण्याचे वर्णन मांडले, तेव्हा ईसीजीचे यंत्र यायला सव्वाशेहून अधिक वर्षे बाकी होती. चालताना, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर, छातीत आवळल्यासारखे होते आणि थांबताच ते नाहीसे होते, हे त्याने केवळ रुग्णांचे नीट ऐकून टिपले होते. म्हणून या लेखात तपासण्यांइतकाच भर सांगण्यावर दिला आहे.

धमनीत नेमके काय होते

हृदय हा दिवसाला सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावणारा स्नायू आहे. त्याच्या पोकळीत कायम रक्त असले तरी त्या रक्तातून त्याचे स्वतःचे पोषण होत नाही. ते त्याच्या पृष्ठभागावरून फिरणाऱ्या धमन्यांतून होते. महाधमनीच्या मुळापाशी एक उजवी आणि एक डावी अशा दोन धमन्या निघतात, आणि डावीच्या लगेच दोन मोठ्या शाखा होतात. या धमन्यांचा आतला व्यास तीन-चार मिलिमीटर, म्हणजे साधारण बॉलपेनच्या रिफिलएवढा असतो.

आमच्याकडे ठिबकच्या नळीत क्षार साचून पाणी अडते, तशी चरबी साचून धमनी तुंबते, असे नेहमी समजावले जाते. उपमा सोयीची आहे, पण अपुरी आहे, आणि तिच्यामुळे एक घातक गैरसमज होतो. चरबी नळीच्या आत साचत नाही. ती धमनीच्या भिंतीत, नाजूक अस्तराच्या खाली शिरते. उच्च रक्तदाब, तंबाखू आणि वाढलेली साखर यांनी अस्तर दुखावलेले असेल, तर रक्तातले एलडीएल, म्हणजे घातक समजले जाणारे कोलेस्टेरॉल, तिथे अधिक सहज शिरते, त्याला गिळण्यासाठी पांढऱ्या पेशी जमतात, दाह सुरू होतो आणि वर्षानुवर्षे वाढत जाणारा एक थर तयार होतो. डॉक्टर त्याला प्लाक म्हणतात. या थरावर एक कवच असते. कवच जाड असेल तर थर हळूहळू वाढतो, धमनी साधारण ७० टक्के अरुंद झाली की श्रमाच्या वेळी रक्त कमी पडू लागते, आणि चढावर छातीत भार येतो. याला अंजायना म्हणतात. कवच पातळ असेल तर ते अचानक फुटते, तिथे रक्ताची गुठळी होते आणि काही मिनिटांत धमनी बंद पडते. हा हृदयविकाराचा झटका. फुटणारा थर पुष्कळदा निम्म्याहूनही कमी अडथळा करणारा असतो, त्यामुळे आदल्या दिवसापर्यंत ज्याला कसलाही त्रास नव्हता अशा माणसालाही झटका येऊ शकतो. तुंबलेल्या नळीची उपमा डोक्यात असलेला माणूस मात्र पाणी अडेपर्यंत, म्हणजे दुखेपर्यंत थांबतो.

ही प्रक्रिया म्हातारपणी सुरू होते असेही नाही. कोरियन युद्धात मृत्यू पावलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांच्या शवविच्छेदनाचे निष्कर्ष १९५३ साली प्रसिद्ध झाले. त्यांचे सरासरी वय २२ वर्षे होते, आणि तीन-चतुर्थांशाहून अधिक जणांच्या हृदयधमन्यांत या विकाराच्या खुणा सापडल्या होत्या.

आपला धोका घरीच कसा मोजावा

कोणाला हा आजार होण्याची शक्यता अधिक, याचा पद्धतशीर शोध अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावात १९४८ साली सुरू झाला, आणि आज डॉक्टर विचारतात ते बहुतेक प्रश्न त्या अभ्यासातून आले आहेत. पुढे ५२ देशांतील रुग्णांवर झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या इंटरहार्ट अभ्यासाने दाखवले, की पहिल्या झटक्याच्या धोक्यातला सुमारे ९० टक्के वाटा मोजता येण्याजोग्या नऊ घटकांशी जोडता येतो. त्याच अभ्यासात दक्षिण आशियातील रुग्णांना पहिला झटका साधारण ५३ व्या वर्षी, तर इतर देशांतील रुग्णांना ५९ च्या आसपास आल्याचे आढळले. आपल्याकडे साठी ही या तपासणीची वेळ नव्हे. चाळिशीही उशिराचीच म्हणावी लागेल.

बदलता न येणारे घटक प्रथम एका कागदावर लिहून काढावेत. वय लिहावे. वडील किंवा भाऊ यांना ५५ वर्षांच्या आत, अथवा आई किंवा बहीण यांना ६५ वर्षांच्या आत हृदयविकार झाला असेल, तर ते ठळकपणे लिहावे. घरात कोणी "झोपेतच गेले" किंवा "शेतात पडले ते उठलेच नाहीत" असे सांगितले जात असेल, तर त्या वेळी त्यांचे वय काय होते हे थोरांना विचारून घ्यावे. आमच्या घरी आजोबांच्या मृत्यूची हकिगत लू लागल्याची म्हणून सांगितली जात असे. ते ४८ वर्षांचे होते हे आम्ही अण्णांच्या आजारानंतर विचारले. स्त्रियांनी गरोदरपणात रक्तदाब किंवा साखर वाढली होती का, पाळी चाळिशीच्या आतच बंद झाली का, हेही लिहावे, कारण या गोष्टींनी पुढील आयुष्यात हृदयाचा धोका वाढतो. मूत्रपिंडाचा जुनाट आजार आणि दाहक संधिवात (रुमॅटॉइड) यांचाही या यादीत समावेश होतो.

त्यानंतर तंबाखू. विडी आणि सिगारेट यांविषयी सांगायला नको, परंतु खानदेशात धूर नसलेल्या तंबाखूचा प्रकार अधिक फसवा आहे. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तरी खाण्याची सवय गेलेली नाही. तंबाखू-चुना ही तर शेतातल्या विसाव्याची सवयच होऊन बसली आहे. अनेक घरांतल्या बाया रोज दोन वेळा मिश्री लावतात आणि तिला दात घासण्याचे साधन समजतात. डॉक्टरांनी "तंबाखू खाता का?" असे विचारले तर त्या अगदी प्रामाणिकपणे "नाही" म्हणतात. म्हणून आपल्या आईला, मावशीला, आत्याला घेऊन जाणाऱ्याने मिश्रीचा उल्लेख आपण होऊन करावा. सातपुड्यातल्या पाड्यांवर आणि अजूनही चुलीवर स्वयंपाक होणाऱ्या घरांत धुराचा घटकही मोजावा. बंद खोपटातल्या लाकडाच्या धुराने फुप्फुसांबरोबर धमन्यांचीही हानी होते.

मोजण्याची साधने दोनच लागतात: एक टेप आणि एक रक्तदाबाचे यंत्र. टेप खालच्या बरगडीच्या आणि कमरेच्या हाडाच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, पोट आत न ओढता लावावा. पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटर ही आपल्या लोकांची मर्यादा आहे. हातपाय बारीक आणि पोट पुढे, अशी आपल्याकडची पुष्कळशी शरीरयष्टी असते आणि वजनकाट्यावर ती निर्दोष दिसते, म्हणून मी टेपला काट्यापेक्षा अधिक महत्त्व देतो. रक्तदाब मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा आणि तंबाखू टाळावी, पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे, दंड छातीच्या उंचीला ठेवावा आणि बोलू नये. सकाळ-संध्याकाळ असे सात दिवस आकडे लिहावेत. घरच्या मोजणीत सरासरी १३५/८५ किंवा त्याहून अधिक, अथवा दवाखान्यात वारंवार १४०/९० किंवा अधिक येत असेल, तर तो उच्च रक्तदाब समजावा. ज्यांच्या घरी यंत्र नाही त्यांनी जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात जावे. तिशीपुढच्या प्रत्येकाची रक्तदाबाची आणि साखरेची तपासणी तिथे विनामूल्य होते, आणि गावातल्या आशाताई कमरेच्या मापासह जो अर्ज भरून घेतात तो याच कामासाठी असतो.

रक्ताच्या तपासणीत उपाशीपोटीची साखर १२६ किंवा अधिक, अथवा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ६.५ किंवा अधिक असेल तर मधुमेह, आणि एचबीए१सी ५.७ ते ६.४ असेल तर त्याची पूर्वपायरी मानतात. लिपिड प्रोफाइलमध्ये, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीत, केवळ एकूण कोलेस्टेरॉलचा आकडा पाहून समाधान मानू नये. आपल्याकडे एकूण आकडा मर्यादेत, पण ट्रायग्लिसराइड हा चरबीचा प्रकार वाढलेला आणि एचडीएल, म्हणजे चांगले कोलेस्टेरॉल, कमी, असे चित्र पुष्कळदा दिसते. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा केले की धमन्यांना घातक असे सर्व कोलेस्टेरॉल एका आकड्यात येते. हा आकडा १३० च्या आत असावा. एलडीएल निरोगी माणसात १०० च्या आत असणे चांगले. हृदयविकार झालेल्यांसाठी ही मर्यादा ७० किंवा त्याहूनही खाली, डॉक्टर ठरवतील ती असते. घराण्यात लहान वयात हृदयविकार असेल तर लायपोप्रोटीन लिटल ए ही तपासणी आयुष्यात एकदा तरी करून घ्यावी. हा घटक जवळजवळ पूर्णपणे जन्मजात असतो, पथ्याने फारसा बदलत नाही, आणि तो डेसिलिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर बाकीचे सर्व घटक अधिक कडकपणे आटोक्यात ठेवावे लागतात.

आता दोन समजुती, ज्या मला आमच्याच घरात मोडाव्या लागल्या. पहिली अशी, की शेतात राबणाऱ्याला हा आजार होत नाही. राबणाऱ्या शरीराला लाभ होतो हे खरे. परंतु ठिबक, ट्रॅक्टर आणि मोटारसायकल आल्यापासून शेतमालकाचे राबणे किती उरले आहे, हे प्रत्येकाने स्वतःशी तपासावे. शिवाय राबण्याने तंबाखूचा, मधुमेहाचा किंवा जन्मजात कोलेस्टेरॉलचा हिशेब पूर्ण फिटत नाही. दुसरी समजूत आहाराची. दादरची भाकरी, कळण्याची भाकरी, मठाची उसळ, हिरव्या वांग्याचे भरीत, हे आपले अन्न हृदयाला मानवणारे आहे आणि ते सोडून काही वेगळे खाण्याची गरज नाही. अडचण येते ती शेवभाजीवरच्या तेलाच्या तवंगात, तळलेल्या बट्टीवर ओतलेल्या तुपात, भरिताच्या पार्टीत वांग्याहून अधिक ओतल्या जाणाऱ्या तेलात, आणि कढईतले तेच तेल पुन्हापुन्हा तापवण्यात. मिठाचाही विचार करावा: पापड, बिबड्या, लोणचे, ठेचा आणि शेव यांतून जाणारे मीठ धरून दिवसाचे एकूण मीठ पाच ग्रॅमच्या, म्हणजे साधारण एका चहाच्या चमच्याच्या आत असावे.

दुखणे कसे ओळखावे आणि कसे सांगावे

हृदयाचे दुखणे बहुधा "दुखत" नाही. लोक त्याला भार, दाब, आवळणे, जळजळ, घुसमट असे म्हणतात. ते छातीच्या मधोमध, मुठीएवढ्या जागेत असते. बोट ठेवून दाखवता येत नाही, तळवा ठेवून दाखवावे लागते. ते डाव्या किंवा दोन्ही हातांत, खांद्यात, गळ्यात, जबड्यात, पाठीत किंवा पोटाच्या वरच्या भागात जाऊ शकते, आणि हे शेवटचे ठिकाणच "गॅस" या शब्दाचे मूळ आहे. तीन प्रश्न विचारावेत. हा त्रास छातीच्या मध्यभागी आहे का? तो श्रमाने, चढाने, थंड वाऱ्यात चालण्याने, भरपेट जेवून निघाल्याने किंवा रागाने येतो का? आणि थांबल्यावर, किंवा जिभेखाली डॉक्टरांनी दिलेली गोळी ठेवल्यावर, पाचेक मिनिटांत जातो का? तिन्हींचे उत्तर होय असेल तर तो अंजायना असण्याची शक्यता मोठी आहे, मग ईसीजी काहीही म्हणो.

स्त्रिया, वृद्ध आणि मधुमेही यांच्यात हे चित्र पुष्कळदा पुसट असते. दम लागणे, अकारण थकवा, मळमळ, घाम, कालपर्यंत उचलता येणारा हंडा आज न उचलणे, एवढेच लक्षण असू शकते. जुन्या मधुमेहात संवेदना वाहणाऱ्या नसा बोथट झालेल्या असतात आणि झटका वेदनेशिवायही येऊन जातो. घरातली बाई "जीव घाबरा होतो" असे म्हणाली तर ते मनाचे खेळ आहेत असे ठरवण्याआधी हे तीन प्रश्न तिलाही विचारावेत.

दवाखान्यात जाण्यापूर्वी एक पान लिहावे, असे मी आग्रहाने सांगेन. त्रास प्रथम केव्हा झाला, तेव्हा काय करत होता, किती मिनिटे टिकला, कशाने गेला, आठवड्यात किती वेळा येतो, आणि पूर्वीपेक्षा कमी श्रमात येऊ लागला आहे का, हे त्यात असावे. "पूर्वी विहिरीपर्यंत जाता येत होते, आता गोठ्यापाशीच थांबावे लागते" हे वाक्य डॉक्टरांना फार काही सांगून जाते, कारण थोड्या दिवसांत वाढत जाणारा किंवा बसल्याबसल्या येणारा त्रास ही तातडीची अवस्था असते. खाली चालू औषधे, तंबाखूचा प्रकार, घराण्याचा इतिहास आणि सात दिवसांचे रक्तदाबाचे आकडे लिहावेत. निदानाला "गॅस", "अॅसिडिटी" अशी नावे आपण होऊन देऊ नयेत. केवळ काय होते तेच सांगावे.

छातीतले प्रत्येक दुखणे हृदयाचे नसते, हेही तितकेच खरे आहे. बोटाने दाबल्यावर दुखणारी जागा, श्वास घेताना किंवा कूस बदलताना येणारी कळ, क्षणभर टोचून जाणारी वेदना ही बहुधा स्नायूंची किंवा बरगड्यांची असते. हिमोग्लोबिन फार उतरले असेल तर धमन्या ठीक असूनही श्रमाने छाती भरून येऊ शकते, आणि आपल्या भागातल्या बायकांच्या बाबतीत हे विसरून चालणार नाही. नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे. या आजाराच्या तरुण रुग्णाला ताप, दम आणि छातीत तीव्र वेदना असतील तर ती फुप्फुसांची गंभीर गुंतागुंत असू शकते, म्हणून दवाखान्यात पोचताच सिकलसेल असल्याचे सांगावे.

विश्रांती घेऊनही पाच मिनिटांत भार जात नसेल, किंवा सोबत घाम, उलटी, दम, चक्कर असेल, तर पान लिहीत बसू नये. १०८ ला फोन करावा. रुग्णाला चालवू नये, मोटारसायकलवर मध्ये बसवून नेऊ नये, त्याने स्वतः गाडी चालवू नये. अॅस्पिरिनची ॲलर्जी किंवा पोटात रक्तस्रावाचा इतिहास नसेल तर ३०० मिलिग्रॅमची साधी गोळी चावून खायला द्यावी. जिभेखालची सॉर्बिट्रेटची गोळी शेजाऱ्याची आणून देऊ नये. रक्तदाब उतरलेला असेल तर ती घात करते. धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या आतल्या पाड्यावरून थेट मोठ्या शहरातल्या हृदयालयाचा ध्यास धरण्यापेक्षा, ज्या जवळच्या ग्रामीण रुग्णालयात ईसीजी निघतो तिथे आधी पोचावे, कारण बंद पडलेली धमनी दोन तासांत अँजिओप्लास्टीने, म्हणजे आत फुगा फुगवून, उघडणे शक्य नसेल तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन द्यावे लागते, आणि ते जितके लवकर तितका हृदयाचा अधिक भाग वाचतो.

तपासण्या आणि त्यांच्या मर्यादा

ईसीजी ही पहिली तपासणी, आणि ती योग्यच आहे. मात्र तो कागद म्हणजे स्वस्थ पडलेल्या हृदयाच्या सुमारे दहा सेकंदांच्या विद्युतलहरी असतात. झटका चालू असेल, किंवा पूर्वी येऊन गेला असेल, तर त्यात बदल दिसण्याची शक्यता चांगली असते. केवळ श्रमाने येणारा अंजायना असेल, तर पडून काढलेला ईसीजी पुष्कळांचा नॉर्मल येतो. अण्णांचे नेमके हेच झाले. म्हणून शक्य असल्यास भार आलेला असतानाच ईसीजी काढावा, आणि चालू दुखण्यात पहिला नॉर्मल आला तरी पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा काढण्याविषयी डॉक्टरांना विचारावे. जुने ईसीजी जपून ठेवावेत व मोबाइलमध्ये त्यांचे फोटो काढावेत. त्या कागदावरची अक्षरे काही वर्षांत पुसट होतात, आणि नव्या बदलाची ओळख जुन्याशी तुलना करूनच पटते.

ट्रोपोनिन ही रक्ताची तपासणी हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते सांगते. इजेनंतर काही तासांनी ते रक्तात वाढते, त्यामुळे अगदी लवकर केलेली तपासणी नकारात्मक आली तरी ठरावीक तासांनी ती पुन्हा करावी लागते. झटका नसलेल्या अंजायनात ते वाढत नाही, हे ध्यानात ठेवावे.

टूडी इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदय किती जोराने आकुंचन पावते, भिंतीचा एखादा भाग कमी हलतो का आणि झडपा कशा आहेत हे दिसते. धमन्यांतले अडथळे त्यात दिसत नाहीत. "इको चांगला आला, म्हणजे ब्लॉकेज नाही" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे, की ते इथे स्पष्टपणे खोडणे मला आवश्यक वाटते.

टीएमटी म्हणजे सरकत्या पट्ट्यावर चालवत ईसीजी काढणे. दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढतो, आणि २२० मधून वय वजा केल्यावर येणाऱ्या आकड्याच्या किमान ८५ टक्के नाडी गाठायची असते. पन्नाशीच्या माणसासाठी ही मिनिटाला सुमारे १४५ होते. शेताचा चढ दवाखान्यात आणला, असे या तपासणीकडे पाहता येईल. ढिले कपडे व चालण्याजोगे बूट घालावेत, भरपेट जेवून जाऊ नये, आणि नाडी मंदावणारी औषधे त्या दिवशी घ्यावीत की नाही हे आधी विचारावे. स्वतःच्या मनाने ती बंद करू नयेत. ही तपासणी चुकूही शकते, आणि स्त्रियांमध्ये आजार नसताना सकारात्मक येण्याचे प्रमाण अधिक असते. ज्यांना बसल्याबसल्या दुखते त्यांची टीएमटी करत नाहीत. गुडघ्यांमुळे ज्यांना चालता येत नाही त्यांच्यासाठी इंजेक्शनने हृदयाचा वेग वाढवून इको काढतात, अथवा थॅलियमसारखे स्कॅन करतात.

सीटी अँजिओग्राफीत हाताच्या शिरेतून औषध देऊन धमन्यांची चित्रे काढतात. शंका मध्यम असेल तेव्हा ती फार उपयोगी पडते, कारण तिच्यात धमन्या स्वच्छ निघाल्या तर हृदयधमनीविकार जवळजवळ नाकारता येतो. तिच्यापूर्वी मूत्रपिंडांचे काम दाखवणारे क्रिएटिनीन पाहावे लागते आणि मधुमेहाची कोणती गोळी चालू आहे ते सांगावे लागते. धमन्यांत साचलेले कॅल्शियम मोजणारा कॅल्शियम स्कोअर हा तिचाच साधा प्रकार. तो शून्य येणे दिलाशाचे असते, तथापि चाळिशीच्या आतल्या माणसाच्या धमनीत कॅल्शियम न साचलेला मऊ थर असू शकतो, त्यामुळे लक्षणे असताना केवळ शून्यावर विसंबू नये.

नेहमीची अँजिओग्राफी मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी घालून, जागा बधिर करून, रुग्ण जागा असतानाच करतात. गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण शंभरात एकाहून कमी असते. अहवालात एलएडी ही पुढची, एलसीएक्स ही वळसा घालणारी आणि आरसीए ही उजवी धमनी होय. अडथळ्याचे टक्के डोळ्यांनी अजमावलेले असतात, म्हणून ५० ते ७० टक्क्यांच्या मधल्या अडथळ्यात एफएफआर नावाची दाबाची मोजणी करतात, ती ०.८० किंवा कमी आली तर तो अडथळा खरोखर रक्त अडवतो असे ठरते. झटका चालू नसताना लगेच स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळी) किंवा बायपास सुचवला, तर निर्णयासाठी एक दिवस मागून घ्यावा आणि दुसऱ्या हृदयतज्ज्ञांना अँजिओग्राफीची सीडी दाखवावी, यात कोणाचाही अवमान होत नाही. स्थिर अंजायनाच्या ५,००० हून अधिक रुग्णांवरील, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या इस्केमिया अभ्यासात, सुरुवातीलाच स्टेंट किंवा बायपास केल्याने औषधोपचाराच्या तुलनेत मृत्यू कमी झाले नाहीत, भार मात्र अधिक कमी झाला. डाव्या मुख्य धमनीचा अडथळा किंवा दुबळे झालेले हृदय यांना हा निष्कर्ष लागू होत नाही. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवावे, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला आधीच भेटावे.

निदान एकाचे झाले की तपासणी घरातल्या सर्वांची सुरू होते. अण्णांच्या अहवालावर सही झाली त्या आठवड्यातच त्यांच्या दोन्ही भावांनी, आत्याने आणि आम्ही तिघा भावंडांनी लिपिड प्रोफाइल, साखर आणि लायपोप्रोटीन लिटल ए करून घेतले. माझ्या धाकट्या बहिणीचे वय तेव्हा २६ होते, ती रोज सायकलने शाळेत शिकवायला जाते आणि तिची कंबर ७२ सेंटीमीटर आहे. तिचे एलडीएल १९४ निघाले.